सोसायटीचा एसटीपी हाती आला: नव्या कमिटीने कुठून सुरुवात करावी

बिल्डरने सोसायटी ताब्यात दिली, निवडणूक झाली, कमिटी बसली. पहिल्या-दुसऱ्या सभेत कुणीतरी विचारतं, "त्या खालच्या एसटीपीचं काय?" एसटीपी म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प. सगळे एकमेकांकडे बघतात आणि ज्याने कधीकाळी विज्ञान शाखा घेतली होती त्याच्या गळ्यात ते काम पडतं. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई, नाशिक इथल्या मोठ्या संकुलांत थोड्याफार फरकाने हेच घडतं. हा लेख त्या माणसासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सोसायट्यांचे सांडपाणी प्रकल्प सहसा तंत्रज्ञान वाईट म्हणून बिघडत नाहीत. वीज वाचवायला रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवतात आणि खाली उतरून बघायला कुणी जात नाही, म्हणून ते बिघडतात. आणि बघायला जायचं तर इंजिनिअर असावं लागत नाही. एक काचेची बरणी, आपलं नाक आणि ब्लोअरचा वीजमीटर, एवढ्यावर प्रकल्प बरा चालला आहे की नाही हे कळतं.

पहिलं काम: कागद

खाली जाण्याआधी फाइल मागवा. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीच्या अटींत एसटीपीची क्षमता आणि पाण्याचा पुनर्वापर लिहिलेला असतो. दुसरा कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. त्यात प्रक्रिया केलेलं पाणी किती स्वच्छ हवं याचे आकडे असतात. अलीकडच्या बऱ्याच निवासी संमतीपत्रांत बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप) १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत आणि निदान ६० टक्के पाण्याचा पुनर्वापर अशी अट दिसते, पण तुमच्या कागदावर काय आहे तेच खरं. संमतीपत्र कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते हेही बघा. पुष्कळ ठिकाणी ते बिल्डरच्याच नावावर राहतं आणि मुदत संपल्याचं नोटीस आल्यावर कळतं.

याशिवाय टाक्यांचे आणि पाइपचे नकाशे, ब्लोअर-पंपांची वॉरंटी पत्रं, चालवण्याची पुस्तिका आणि शेवटचे प्रयोगशाळा अहवाल मागा.

प्रकल्प नीट चालत नसेल तर घाईने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती सुरू करू नका. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवासुविधांत दोष निघाला आणि तो लेखी कळवला, तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. एसटीपी ही सेवासुविधाच आहे. म्हणून पहिल्या महिन्यातच दोषांची यादी फोटोंसह ईमेलने पाठवा आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवा. तोंडी तक्रारीचा पुढे काही उपयोग होत नाही.

खाली उतरण्याआधी एक नियम

टाकीत कुणीही उतरायचं नाही. ऑपरेटर नाही, हाउसकीपिंगचा मुलगा नाही, "मी वीस वर्षं हेच करतो" म्हणणारा ठेकेदार तर नाहीच.

साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे टाकीच्या तळाशी बसतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. "आता वास येत नाही, म्हणजे ठीक आहे" असं वाटून माणूस उतरतो आणि क्षणात कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रात एकाच टाकीत तिघं गेल्याची बातमी येते ती अशी.

हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे माणसाला सुरक्षेच्या साधनांविना गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईला उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. टाकी उपसायची तर सक्शनची गाडी बोलवा. पंप अडकला तर तो साखळीने वर ओढता येईल अशी व्यवस्था करून घ्या. एसटीपी बेसमेंटमध्ये असेल तर एक्झॉस्ट पंखे चालू आहेत ना, हे पहिल्याच दिवशी बघा. टाक्यांची झाकणं जागेवर हवीत आणि खोलीला कुलूप हवं. लहान मुलं कुठेही पोचतात.

पाण्याच्या वाटेने चाला

ऑपरेटरला सोबत घ्या आणि घाण पाणी जिथे येतं तिथून सुरुवात करा. सकाळी सात ते नऊ ही वेळ सर्वांत चांगली, कारण तेव्हा सगळ्या घरांतून एकदम पाणी येतं आणि खरा ताण दिसतो.

सुरुवातीला बार स्क्रीन, म्हणजे जाळी. इथे सॅनिटरी पॅड, डायपर, पिशव्या, केस, दातकोरणी, सगळं अडकतं. ही रोज साफ झाली पाहिजे. जाळी स्वच्छ आणि शेजारच्या डब्यात ओला कचरा असेल तर ऑपरेटर काम करतो आहे. जाळीच नसेल, किंवा वैतागून कुणी काढून ठेवली असेल, तर पुढचे पंप अडकण्याचं कारण तुम्हाला सापडलं. त्याच सुमारास तेल-तूप अडवणारा कप्पा असतो. वर जमलेला पांढरट थर काढला नाही की तो पुढे जाऊन सगळ्याला चिकटतो.

मग इक्वलायझेशन टाकी. सोसायटीचं पाणी सकाळी धो-धो येतं, दुपारी कमी होतं, रात्री जवळजवळ थांबतं. प्रकल्पातल्या जिवाणूंना मात्र दिवसभर सारखा पुरवठा लागतो. म्हणून पाणी इथे साठवून हळूहळू पुढे सोडायचं. या टाकीतही थोडी हवा सोडलेली हवी, नाहीतर पाणी इथेच सडतं आणि त्याचा वास पार्किंगमध्ये जातो.

इथला पंप हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. समजा प्रकल्पात रोज ८५ हजार लिटर पाणी येतं. ते वीस तासांत पुढे पाठवायचं तर ताशी साधारण सव्वाचार हजार लिटर होतात. बसवलेला पंप बहुधा याच्या तिप्पट जोराचा असतो. पाण्याच्या पातळीबरोबर हलणारा फ्लोट वर आला की पंप सुरू होतो, वीस मिनिटांत पातळी उतरवतो आणि थांबतो. त्या वीस मिनिटांत पुढच्या सेटलिंग टाकीतला गाळ लोंढ्याबरोबर वाहून जातो. मग सगळे फिल्टरला दोष देतात. उपाय सोपा आहे: पंपाच्या पाइपला बायपास असतो, त्याच्या व्हॉल्व्हने जास्तीचं पाणी परत त्याच टाकीत सोडायचं. प्रवाह मोजायला मीटर नसेल तर रात्री दोन-तीन वाजता, आवक थांबलेली असताना, टाकीतली पातळी मोजा. टाकी चार बाय पाच मीटरची असेल तर १० सेंटिमीटर पातळी उतरणं म्हणजे २,००० लिटर पाणी. किती मिनिटांत उतरली ते घड्याळ सांगेल.

त्यापुढे एरेशन टाकी, प्रकल्पाचा जीव. तळाशी डिफ्यूझर असतात, ब्लोअरची हवा त्यांतून बारीक बुडबुड्यांनी वर येते आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू मैला खातात. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मांडली आणि शंभर वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे. तुमच्याकडे बहुधा एमबीबीआर असेल, म्हणजे पाण्यात प्लॅस्टिकच्या छोट्या चकत्या फिरतात आणि जिवाणू त्यांच्यावर थर करून राहतात. हे नॉर्वेत १९८०च्या दशकाच्या शेवटी विकसित झालं. याशिवाय दोन प्रकार दिसतात. एसबीआरमध्ये एकाच टाकीत आळीपाळीने हवा आणि निवळणं चालतं. एमबीआरमध्ये पाणी गाळायला अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे (मेम्ब्रेन) असतात. त्याचं पाणी फार छान येतं, पण पडद्यांचा खर्च आणि निगा कमिटीला झेपेल का, हे आधी विचारा.

टाकीच्या पृष्ठभागाकडे नीट बघा. सगळीकडे सारखे बारीक बुडबुडे हवेत. एका जागी पाणी उकळल्यासारखं मोठं उसळत असेल तर तिथला डिफ्यूझर फाटला आहे. एखादा कोपरा शांत असेल तर तिथे हवा पोचत नाही आणि खाली गाळ कुजतो आहे. एमबीबीआरची एक चकती जाळीने काढून बोट फिरवा (हातमोजा घालूनच). पातळ, तपकिरी, बुळबुळीत थर लागला तर उत्तम. चकती अजून कोरी पांढरी असेल तर जिवाणू बसलेलेच नाहीत.

सेटलिंग टाकीत पाणी निवळतं, गाळ खाली बसतो, त्यातला काही परत एरेशनमध्ये पाठवतात आणि उरलेला बाहेर काढतात. काठावरून वाहणारं पाणी इथेच बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं पाहिजे. एमबीबीआरच्या चकत्या इथे तरंगताना दिसल्या तर मधली जाळी फुटली आहे.

त्यापुढे वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर. वाळू बारीक कण अडवते, कार्बन रंग आणि वास. दोन्ही रोज उलट्या प्रवाहाने धुवावे लागतात. वाळूच्या फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांत (चौरस सेंटिमीटरला) अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला तर हे धुणं, म्हणजे बॅकवॉश, राहून गेलं आहे. धुतलेलं घाण पाणी पहिल्या टाकीत परत जायला हवं. ते पावसाळी गटारात सोडलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. शेवटी जंतू मारायला क्लोरीन, ओझोन किंवा यूव्ही (अतिनील किरण), आणि संडासांना पाणी पुरवणारी फ्लशची टाकी.

हिशेब: प्रकल्प किती मोठा, पाणी किती

आपल्याकडे नियोजनाचा आकडा माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा आहे, त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी. एका फ्लॅटमध्ये पाच माणसं धरतात. १५० फ्लॅट असतील तर रोजचं पाणी सुमारे १ लाख १ हजार लिटर. त्यातलं ८०-८५ टक्के सांडपाणी होतं, म्हणजे साधारण ८५ हजार लिटर. प्रकल्प या आकड्याच्या आसपासचा असतो.

पण पहिल्या दोन-तीन वर्षांत इतकी माणसं राहायला आलेलीच नसतात. ९० घरं भरली आणि घरटी तिघं धरले तर सांडपाणी ३१ हजार लिटरच्या आसपास. म्हणजे प्रकल्पाला त्याच्या भुकेच्या जेमतेम एक-तृतीयांश खाणं मिळतं. टाक्या दोन रांगांत असतील तर एकच रांग चालवा. एकच रांग असेल तर ब्लोअर टायमरवर लावा: चाळीस मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद, असं काहीतरी. सलग कित्येक तास बंद ठेवणं हा पर्याय नाही.

ब्लोअर, म्हणजे भांडणाचं मूळ

सर्वसाधारण सभेत एसटीपीवर वाद होतो तो विजेच्या बिलावरून. तो आकड्यांनीच सोडवा. समजा ७.५ अश्वशक्तीचा ब्लोअर २० तास चालतो. ५.६ किलोवॉट गुणिले २० म्हणजे ११२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर दिवसाला ११२० आणि महिन्याला साडेतेहतीस हजार. १५० घरांत वाटले तर घरटी सव्वादोनशे रुपये. हा झाला खर्च.

आता दुसरी बाजू. पूर्ण भरलेल्या या सोसायटीला फ्लशसाठी रोज ३४ हजार लिटर पाणी लागतं. ते एसटीपीतून मिळालं नाही तर दहा हजार लिटरचे रोज तीन-चार टँकर, महिन्याला शंभर. तुमच्या भागातला एप्रिल-मेमधला टँकरचा दर घालून गुणाकार करा आणि तो कागद सभेत वाटा. वाघोली, उंड्री, पुनावळे अशा टँकरवर चालणाऱ्या भागांत यापुढे फार बोलावं लागणार नाही. शिवाय पिंपरी-चिंचवड महापालिकेने एसटीपी बंद ठेवणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना नळजोड तोडण्याच्या नोटिसा दिल्या आहेत, तीही गोष्ट खजिनदाराच्या कानावर घाला.

ब्लोअरला स्वतंत्र वीजमीटर बसवा. किंमत फार नाही आणि सगळं सत्य त्यात उमटतं. रजिस्टरमध्ये "२० तास" लिहिलेलं असेल आणि मीटरवर ४० युनिट पडले असतील तर रात्री कुणीतरी स्विच बंद करतं आहे. ऑपरेटरवर लगेच चिडू नका. बहुतेक वेळा "बिल कमी आलं पाहिजे" असं कमिटीतल्याच कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं.

ब्लोअर दोन असतात, एक कामाला आणि एक राखीव. दोन्ही आळीपाळीने चालवा, नाहीतर राखीव ब्लोअर गरजेच्या दिवशी सुरूच होत नाही. तेलाची पातळी, पट्ट्याचा ताण, हवेचा फिल्टर हे ऑपरेटरने आठवड्याला बघायचं. आणि जनरेटरवर लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांच्यासोबत एक ब्लोअर जोडलेला आहे का, ते विचारा. चार-पाच तास हवा गेली की टाकी सडायला लागते.

बरणीची परीक्षा

आता हातात घ्यायची गोष्ट. एक लिटरचा सरळ भिंतींचा काचेचा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा उभा मापी जार घ्या. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतो. एरेशन टाकीत हवा चालू असताना, पृष्ठभागावरचा फेस टाळून, हातभर खालचं पाणी त्यात भरा. सावलीत, हलणार नाही अशा जागी ठेवा आणि अर्धा तास थांबा.

चांगल्या प्रकल्पात चॉकलेटी गाळाचे पुंजके होऊन सावकाश खाली बसतात आणि वर निवळ पाणी राहतं. अर्ध्या तासाने गाळ २५० ते ४०० मिलिलिटरच्या खुणेवर असेल तर निर्धास्त राहा. शंभर-दीडशेच्या खाली असेल तर जिवाणू कमी आहेत: प्रकल्प नवा आहे, किंवा गाळ वाहून जातो आहे, किंवा कुणी जास्त काढला आहे. सहाशे-सातशेच्या वर असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे गाळ खरंच फार झाला आहे. दुसरी म्हणजे धाग्यासारखे जिवाणू वाढून गाळ फुगला आहे आणि बसतच नाही. यातलं कोणतं, हे ओळखायला अर्धा जार टाकीचं आणि अर्धा प्रक्रिया केलेलं पाणी मिसळून पुन्हा अर्धा तास ठेवा. आकडा निम्म्यावर आला तर गाळ जास्त आहे, काढायला सांगा. फारसा उतरला नाही तर फुगलेला आहे. तेव्हा हवा पुरेशी आहे का आणि तेल-तूप आत जातं आहे का, हे तपासा.

तोच जार आणखी तासभर तसाच ठेवा. बसलेला गाळ गोळे होऊन वर आला तर सेटलिंग टाकीतही हेच होतं आहे. गाळ तिथे फार वेळ पडून राहतो, त्यात नायट्रोजनचे बुडबुडे तयार होतात आणि ते त्याला उचलतात. परतीच्या गाळाचा प्रवाह वाढवा.

एक सावधगिरी. गाळ परत न पाठवणाऱ्या शुद्ध एमबीबीआरमध्ये जिवाणू चकत्यांवर असतात, पाण्यात कमी. तिथे जारातला आकडा मुळातच लहान येतो, तेव्हा घाबरू नका. चकतीवरचा थर बघा.

ही परीक्षा आठवड्यातून दोनदा करा आणि जाराचा फोटो कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका. महिन्याभराचे फोटो ओळीने लावले की कुठल्याही अहवालापेक्षा जास्त कळतं.

फेस, रंग, वास

नव्या किंवा नुकत्याच सुरू केलेल्या प्रकल्पात पांढरा साबणासारखा फेस येतो. जिवाणू वाढले की तो जातो, त्यावर औषध टाकू नका. गडद तपकिरी, तेलकट, साय धरल्यासारखा फेस म्हणजे जुना गाळ साठला आहे. टाकी काळी पडली आणि सडक्या अंड्याचा वास आला तर हवा नाही. निरोगी एरेशन टाकीला ओल्या मातीसारखा वास असतो. पहिल्यांदा घेतला की लोकांना आश्चर्य वाटतं.

प्रकल्प पूर्ण मेला असेल तर पुन्हा उभा करायला तीन-चार आठवडे लागतात, थंडीत जास्त. इथे विरजणाचाच न्याय लागतो: शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या प्रकल्पातला गाळ टँकरने आणून टाका. तो मिळत नसेल तर ताजं शेण पाण्यात कालवून, गाळून टाकतात. गाळणं विसरू नका, नाहीतर चाऱ्याच्या काड्या डिफ्यूझरला गुंडाळतात. बाजारात "कल्चर" म्हणून महागड्या पुड्या मिळतात. मी त्यावर पैसे घालवणार नाही. मैल्याबरोबर जिवाणू रोज फुकट येतातच, त्यांना हवा द्या.

गाळ

जिवाणू खातात म्हणजे वाढतातही. जास्तीचा गाळ नियमित काढला नाही तर तो शेवटी फ्लशच्या टाकीत पोचतो. गाळ दाबून पाणी काढणारी फिल्टर प्रेस असेल तर तिच्यातून निघणारी वडी वाळवून बागेच्या खतात मिसळता येते. महिनोन्महिने प्रेस चाललेलीच नाही असं दिसलं, तर गाळ जातो कुठे, हा प्रश्न विचारा. उत्तर बहुतेकदा पावसाळी नाला असं असतं.

फ्लशचं पाणी आणि रहिवाशांच्या तक्रारी

प्रक्रिया केलेलं पाणी पिण्याच्या पाइपात कुठेही मिसळता कामा नये. प्लंबरने कुठे जोड मारला असण्याची शंका असेल तर एक सोपी तपासणी करा: पिण्याच्या पाण्याची लाइन बंद करा, फक्त फ्लशची चालू ठेवा आणि प्रत्येक विंगमध्ये काही घरांत स्वयंपाकघराचे, बेसिनचे आणि जेट स्प्रेचे नळ उघडून बघा. लाइनमधलं उरलेलं पाणी संपल्यावरही कुठे पाणी येत राहिलं तर जोड आहे. फ्लॅटमध्ये नूतनीकरण झाल्यावर असे जोड हमखास निघतात. जेट स्प्रेची लाइन ताज्या पाण्याचीच हवी. हे पाणी अंगाला लागतं.

क्लोरीनसाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. १० टक्क्यांचं द्रावण असेल आणि लिटरला ५ मिलिग्रॅम मात्रा धरली तर रोजच्या ८५ हजार लिटरला चार-सव्वाचार लिटर द्रावण लागतं. फ्लशच्या टाकीत लिटरला निदान अर्धा ते एक मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. जलतरण तलावासाठी मिळणाऱ्या छोट्या संचाने ते पिवळ्या रंगावरून कळतं. हायपो उन्हात आणि उष्णतेत कमजोर होतं, म्हणून वर्षाचा साठा एकदम घेऊ नका. आणि त्याच्या जवळ संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही ठेवू नका. दोन्ही मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

रहिवासी म्हणतील की पाणी पिवळसर आहे. थोडा रंग चालतो. वास आणि गढूळपणा मात्र चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर घरी आलेल्यांची तक्रार वेगळी असते: घरातल्या फ्लशच्या टाकीत पाणी पंधरा दिवस पडून राहिलेलं असतं. दोनदा फ्लश करायला सांगा.

प्रयोगशाळा

दर महिन्याला, निदान तिमाहीला, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कच्चं आणि प्रक्रिया केलेलं, असे दोन्ही नमुने तपासून घ्या. फक्त शेवटचा नमुना तपासून प्रकल्पाने किती काम केलं ते कळत नाही. घरगुती कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो. अहवालात कच्च्याचाच ४० दिसला तर नमुना चुकीच्या जागेवरून घेतला आहे, नाहीतर कुठूनतरी पावसाचं किंवा टाकी ओसंडल्याचं पाणी गटारात येतं आहे.

भारतात बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचला पाहिजे. क्लोरीन असलेला नमुना तसाच तपासला तर आकडा फसवा, कमी येतो, कारण चाचणीतले जिवाणूही क्लोरीनने मरतात. म्हणून नमुना घेताना कमिटीतला एक जण हजर असावा. ठेकेदाराने परस्पर नेलेल्या बाटलीवर फार विश्वास ठेवू नका.

ठेका करताना

देखभालीच्या करारात "प्रकल्प चालवणे" एवढंच लिहिलेलं असतं. त्यात पाण्याचे आकडे घाला आणि ते सलग दोन महिने न आल्यास बिलातून कपात होईल असं लिहा. रसायनं कोण आणणार, डिफ्यूझर आणि पंप कुणाच्या खर्चाने बदलणार, ऑपरेटर सुट्टीवर गेला तर दुसरा कोण, हे स्पष्ट हवं. टाकीत माणूस उतरवणार नाही, ही अट तर स्वतंत्र ओळीत हवी. सर्वांत स्वस्त निविदा घेण्याचा मोह आवरा. ऑपरेटरला किती पगार मिळतो ते ठेकेदाराला विचारा. दहा-बारा तास त्या खोलीत बसणाऱ्या माणसाला किमान वेतन, हातमोजे, गमबूट, लस आणि अंघोळीची जागा मिळत नसेल तर तो टिकत नाही, आणि दर दोन महिन्यांनी नवा माणूस म्हणजे दर दोन महिन्यांनी नवी सुरुवात.

घरांतही सूचना लावा: पॅड, डायपर, "फ्लश करता येतात" असं लिहिलेले ओले रुमाल आणि तळणीचं तेल नको. घराघरांतून ओतलं जाणारं फिनाइल आणि अ‍ॅसिड शेवटी एरेशन टाकीतच येतं.

बंगल्यांच्या छोट्या वसाहतींसाठी

वीस-तीस बंगल्यांच्या वसाहतीला ब्लोअरचा प्रकल्प चालवणं सहसा परवडत नाही. तिथे सेप्टिक टँकच्या पुढे खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस यांसारखी झाडं लावून मुळांशी पाणी शुद्ध करण्याची पद्धत बघा. नागपूरच्या नीरी संस्थेने 'फायटोरिड' नावाने ती विकसित केली आहे. उतार मिळाला तर वीज जवळजवळ लागत नाही. जागा मात्र लागते, आणि वाफा तुंबू नये म्हणून आधीची सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते.

नुसता शोषखड्डा खणायचा विचार असेल तर आधी माती बघा. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाणी जिरतच नाही, पावसाळ्यात खड्डा उलटा भरून वर येतो. कोकणात जांभ्यात याच्या उलट होतं: पाणी इतकं भराभर जिरतं की शुद्ध व्हायला वेळच मिळत नाही आणि थेट शेजारच्या विहिरीत उतरतं. तिथे खड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे, ते खणायच्या आधी त्याच्या अंगणात जाऊन बघून या.